गार इंजिन

रविवारी सकाळी एक मुलगी मी विकायला काढलेली मोटारसायकल बघायला आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. काखेत हेल्मेट, पाठीला सॅक, आणि पुष्कळ वाचून, चार जणांना विचारून, मनातल्या मनात यादी पाठ करून आलेल्या माणसाचा चेहरा. गाडीभोवती तिने एक फेरी मारली, मग खाली वाकली आणि काही न बोलता उजव्या हाताचा तळवा इंजिनाजवळ नेला. आधी बोटभर अंतरावर धरला, मग इंजिनाच्या पात्यांना हलकेच लावला आणि झटकन मागे घेतला. इंजिन गरम होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीटरचं रीडिंग विचारलं, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारलं, पण उत्तरं ऐकतानाच तिचं मन गाडीवरून उडालेलं मला दिसत होतं. "किक मारून बघा की," म्हटलं, तर "नको, राहू दे, कळवते मी," म्हणाली. फाटकाची कडी नीट लावून गेली. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं.

तिच्या मनात काय आलं असेल ते मला नेमकं ठाऊक होतं. तिच्या वयाची नव्हते, पण तिच्या जागी मीही उभी राहिले होते, आणि तसाच हात मागे घेतला होता.

झालं होतं ते एवढंच. त्या दिवशी मला साडेपाचलाच जाग आली. गाडी विकायचं मीच ठरवलेलं, जाहिरातही मीच दिलेली, पण खरंच कुणीतरी बघायला येणार म्हटल्यावर जिवाला चैन पडेना. उजाडायच्या आत गाडी बाहेर काढली. सीटवर दव पडलं होतं, ते बाहीनेच पुसलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. चढाला तिसऱ्या गियरमध्ये तिचा आवाज जाड होतो, तो ऐकायला म्हणून मुद्दाम चढाचा रस्ता घेतला. उतारावर एक्सलेटर सोडून दिला की सायलेन्सरमधून बारीक पुटपुट येते, तीही ऐकली. पाऊण तास फिरले असेन. परत येऊन टाकी पुसली, आरसे पुसले, आणि अर्ध्या तासात ती मुलगी दारात. इंजिन गरम असणारच होतं. तिचा हात मागे गेला तेव्हा हे सगळं सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर तेही विकणाऱ्याचं बोलणं वाटलं असतं. माझं मलाच वाटलं असतं.

इंजिनाला हात लावायला मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. आयुष्यभर मोटारसायकल चालवलेला माणूस, बोलणं मोजकं. गाडी घ्यायची म्हणून मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कुठल्या कंपनीची, किती सीसीची, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "बघायला जाशील तेव्हा आधी हात, मग डोळे, मग कान. चावी सगळ्यात शेवटी. आणि गाडी गार असेल तरच पुढे बोलायचं. गार इंजिनाला सोंग जमत नाही." त्यांनी मला अंगणात बसवून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं मिनिट समजावून सांगितलं होतं. रात्रीत तेल सगळं तळाला उतरलेलं असतं. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ रडतो. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथे, कचरा असेल तर चोक ओढूनही गाडी धरत नाही, धरली तर मिसिंग करते, अडखळत चालते. व्हॉल्व्हची सील झिजली असतील तर रात्रभर झिरपलेलं तेल त्या पहिल्या मिनिटात निळ्या धुराने बाहेर पडतं. पिस्टन झिजलेला असेल तर सुरुवातीला खडखडतो, मग तापून धातू फुगला की तीच खडखड गप्प होते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत थोडी पांढरी वाफ कुठल्याही गाडीची निघते, तिला घाबरायचं नाही. पण ज्याने गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवली, त्याने हे पहिलं मिनिट झाकून ठेवलं असं समजायचं.

हे मी इतकं पक्कं समजले होते की पुढे एका माणसावर अन्याय केला. त्याच्याकडे येईनच.

आधी मला वेगळीच गाडी हवी होती. काकांकडे जाण्याच्या कितीतरी महिने आधीपासून माझ्या मनात एक मोठी, काळीभोर, रुंद टाकीची मोटारसायकल ठाण मांडून बसली होती. कागदावरचं तिचं सगळं मला तोंडपाठ होतं. सीसी, ताकद, टॉर्क, टाकीत किती लिटर मावतं, सगळं. वजनाचा आकडाही वाचला होता, १९० किलोच्या वर, पण तो नुसता वाचला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा मोटारसायकल घेत होते. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या पाठीकडे बघत प्रवास केलेला. तेव्हा घ्यायची तर अशी घ्यावी की त्या सगळ्या वर्षांची भरपाई होईल, असं काहीतरी मनात होतं. अशीच एक वापरलेली गाडी विकायला निघाल्याचं कळलं आणि मी बघायला गेले. मालक भला माणूस होता. "बसून बघा," म्हणाला. बसले. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले, टाचा अधांतरी. हँडल हातात आलं, समोर ती रुंद टाकी, आणि एक क्षण असा आला की ही माझीच आहे. मग स्टँड काढून सरळ उभी केली आणि हँडल थोडं डावीकडे वळवलं. बस्स. डाव्या पायाखाली खडी होती. गाडी थोडी कलली, मी थोपवली. अजून थोडी कलली, आणि त्यानंतर थोपवण्यासारखं काही उरलंच नाही.

उभ्या गाडीचं वजन तोलात असेपर्यंत कळत नाही. एका मर्यादेपर्यंत ती दोन बोटांवर उभी राहते. त्या मर्यादेपलीकडे वितभर गेली की सगळं वजन एकदम तुमच्या एका पायावर येतं, आणि तो पाय खडीवर असतो. पडताना तिने मोठा आवाजही केला नाही. आधी क्लचची दांडी, मग फूटरेस्ट, मग इंडिकेटर फुटल्याचा बारीक कडकड आवाज, मग शांतता आणि पेट्रोलचा वास. माझा पाय वेळेवर निघाला, मला लागलं नाही. पण त्या शांततेत मालक ज्या नजरेने आपल्या गाडीकडे बघत होता ती अजून आठवते. तो माझ्यावर ओरडला नाही. उलट म्हणाला, "थांबा, पाठीला झटका बसेल, अशी नका उचलू." आणि उचलायची कशी ते दाखवलं. चावी बंद करायची, गियरमध्ये टाकायची, हँडल पूर्ण वळवायचं, मग गाडीकडे पाठ करून कमरेखालचा भाग सीटला टेकवायचा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. दुसऱ्या बाजूला कोसळू नये म्हणून साइड स्टँड जमलं तर आधीच काढून ठेवायचं. मी करून बघितलं. अर्ध्यापर्यंत आली. उरलेलं त्याने केलं. नुकसानीचे पैसे मी देऊ केले तर त्याने फक्त इंडिकेटरचे घेतले.

त्या दिवसानंतर मी कुठल्याही गाडीचा आधी वजनाचा आकडा बघू लागले.

आज कुणी पहिली गाडी कुठली घेऊ म्हणून विचारलं तर मी सांगते, आधी ती एकटीने उचलून बघ. वेगाचं, दिसण्याचं, आवाजाचं नंतर. पहिल्या वर्षात गाडी पडतेच. भर वेगात पडत नाही, उभ्या उभ्या पडते. यू टर्न घेताना, उतारावर लावताना, साइड स्टँड नीट निघालं नाही म्हणून, ओल्या पानावर पाय सरकला म्हणून. १२५ सीसीच्या साध्या गाडीचं वजन साधारण ११० ते १२५ किलोच्या घरात असतं. मोठ्या गाडीच्या मानाने ते सत्तर-ऐंशी किलो कमी, म्हणजे एक अख्खा माणूस कमी. सीटची उंचीही नुसत्या आकड्यावर ठरवू नये. सीट पुढे निमुळती असेल तर उंच गाडीवरही पाय टेकतात, रुंद असेल तर बुटक्या गाडीवरही मांड्या फाकून टाचा वर राहतात. रोज जे बूट घालणार तेच घालून बसावं. बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकलून बघावी. हे पाच मिनिटांत कळतं आणि जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मग ताकदीचा प्रश्न. ओळखीतले अनेक जण म्हणाले, लहान घेशील तर सहा महिन्यांत कंटाळशील, एकदाच काय ती मोठी घे. सल्ला आपुलकीचा होता, पण मला तो तेव्हाही पटला नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. युरोपातल्या परवाना-नियमांत मधल्या टप्प्यावरच्या चालकाला ३५ किलोवॅटपर्यंतच्या ताकदीचीच मोटारसायकल चालवता येते, त्याखालच्या टप्प्याला १२५ सीसी आणि ११ किलोवॅट. ऑस्ट्रेलियात शिकाऊ चालकासाठी ६६० सीसीची मर्यादा आहे, शिवाय वजनाच्या मानाने ताकद किती असावी याचीही. ही माणसं भित्री म्हणून असे नियम करत नाहीत. नवशिक्याचा उजवा हात अजून त्याचा झालेला नसतो. खड्ड्यात चाक आदळलं की शरीर मागे जातं, मनगट खाली वळतं, आणि एक्सलेटर आपोआप पिळला जातो. लहान इंजिन अशा वेळी नुसतं गुरगुरतं. मोठं इंजिन तुम्हाला पुढच्या गाडीपर्यंत नेऊन पोचवतं. क्लच सोडताना झालेली चूक लहान गाडी हिसका देऊन बंद पडून सांगते. ती चूक सांगते आणि पुन्हा किक मारू देते, याहून जास्त मला शिकवणाऱ्याकडून काही नको होतं. आणि लहान गाडी म्हणजे कमी प्रतीची, असं कुणी म्हटलं की मला होंडाची सुपर कब आठवते. १९५८ साली जेमतेम ५० सीसीच्या इंजिनावर निघालेली ती गाडी २०१७ पर्यंत १० कोटींच्या वर बनली. जगातल्या केवढ्या माणसांना तिने कामावर, शाळेत, दवाखान्यात नेऊन सोडलं असेल.

काकांकडे एक जुनं टिपण होतं, त्यात त्यांनी कधीतरी हर्ट अहवालातले मुद्दे उतरवून ठेवले होते. हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातल्या दोन ओळी काकांनी मला मोठ्याने वाचायला लावल्या. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच स्वतः किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. आणि निम्म्याहून अधिकांना ती विशिष्ट गाडी हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते, मग एकूण अनुभव कितीही वर्षांचा असो. काका म्हणाले, "म्हणून तुला मी शिकवणार नाही. रीतसर वर्गात जा. आणि गाडी आली की पहिले पाच महिने तिचं नाव 'नवीन' असंच ठेव." मला थोडं वाईट वाटलं होतं, कारण त्यांच्याकडूनच शिकायचं मी मनाशी धरलं होतं. शिकवणं नाकारण्यातली त्यांची माया मला उशिरा कळली.

वर्गात जे शिकले त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मोटारसायकल डावीकडे वळवायची तर वेगात असताना हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे कलते. ऐकून मला खोटंच वाटलं. मग मोकळ्या मैदानात तिसऱ्या गियरमध्ये डाव्या तळव्याने हँडल अगदी हळू पुढे रेटलं आणि गाडी निमूटपणे डावीकडे झुकली. पोटात खड्डा पडला, आणि पाठोपाठ इतका आनंद झाला की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. त्यांच्यातला थोरला विल्बर सायकल चालवणाऱ्यांना विचारत असे, डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता? बहुतेक सगळे सांगत, हँडल डावीकडे वळवतो. करत मात्र सगळे बरोबरच होते. हलक्या गाडीवर हे शरीराला लगेच उमगतं, कारण तळव्याने जरा रेटलं की ती उत्तर देते. जड गाडीवर मी त्या वेळी वजनालाच भीत राहिले असते.

पैशाचं आता बोलते. 'परवडणारी' या शब्दाने मला फार घोळवलं. मी ठरवलेल्या रकमेत बसणारी गाडी शोधत होते आणि काकांनी विचारलं, "डोक्याचं काय?" हेल्मेट म्हणाले नाहीत, डोक्याचं म्हणाले. मग त्यांनी टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. वाळवंटातल्या लढाया बघून आलेला हा माणूस १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या रस्त्यावर आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्याला काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनाला लागून राहिला. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास सुरू केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि पुढे ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आजही आपण पट्टा आवळतो त्यात त्या सहा दिवसांचा काहीतरी वाटा आहे. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. ते वाचल्यावर मी वहीत हिशोब उलटा मांडला. आधी हेल्मेट, तेही नवीन, कारण दुसऱ्याचं हेल्मेट कुठे आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. मग हातमोजे, कारण पडताना माणूस हातच पुढे करतो. मग घोटा झाकणारे बूट, जाड जाकीट. मग शिकवणीची फी, विमा, पहिली सर्व्हिसिंग, टायर लागले तर टायर. हे सगळं वजा करून जे उरलं ते गाडीसाठी. उरलेला आकडा बघून रडू आलं नाही, पण बराच वेळ मी ती वही मिटून ठेवली होती. काळीभोर रुंद टाकी त्या रात्री मनातून गेली.

त्या उरलेल्या रकमेत नवी गाडी येत नव्हती. म्हणून जुन्या बघायला लागले आणि दोन महिन्यांत सात गाड्या बघितल्या. जुनी गाडी स्वतःबद्दल बरंच काही सांगत असते, फक्त वाकून बघावं लागतं. मीटरवर रीडिंग कमी आणि फूटरेस्टचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, म्हणजे दोघांतलं कुणीतरी खोटं. ब्रेकच्या दांडीचं टोक घासलेलं, हँडलच्या टोकाला ओरखडे, म्हणजे त्या अंगावर पडलेली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या चक्राचे, दात टोकदार होऊन एका बाजूला झुकलेले असले की चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही बदलायला आलेत. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवून तेल लागतंय का बघायचं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं, मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर बेअरिंग गेलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते आणि रबर दगडासारखं झालेलं असतं, असं मी दोन गाड्यांना बघितलं. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारायचा, गंज दिसतो. आणि कागदावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा लावून ताडायचा. मी हे सगळं गुडघ्यावर बसून करत असे. काही विकणारे वैतागत. काही शेजारी येऊन बसत आणि स्वतःच दोष दाखवत.

सहावी गाडी सगळ्या परीक्षांना उतरली होती. फक्त इंजिन गरम होतं.

मालक साठीचे गृहस्थ होते. मी सकाळी नऊला येणार हे त्यांना माहीत होतं. मी हात लावला, मागे घेतला आणि मनातल्या मनात त्यांच्यावर फुली मारली. ते काहीतरी सांगू बघत होते, "सकाळी जरा..." एवढंच ऐकलं, पुढचं ऐकून घेतलं नाही. निघाले. बाहेर पडताना मागे वळून बघितलं तेव्हा ते गाडीजवळच उभे होते, हातात पिवळं फडकं, आणि टाकीवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते ते पुसत होते. तेव्हा मला ते फडकंसुद्धा त्यांच्या लबाडीचा भाग वाटलं. इतकी वर्षं त्या माणसाचं मला कधी नाव आठवलं नाही, चेहरा आठवला नाही. रविवारी ती मुलगी गेल्यावर मी आत आले, हातात फडकं होतं, आणि ते एकदम आठवले. कदाचित त्यांनी खरंच गाडी तापवून ठेवली असेल. किंवा त्यांनाही साडेपाचला जाग आली असेल. आता मला कधीच कळणार नाही.

सातवी गाडी माझी झाली. १२५ सीसी, एक सिलिंडर, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, रंग उन्हाने विटलेला. चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू झाली. पहिल्या आठवड्यात ती माझ्या हातून किती वेळा बंद पडली ते मोजलंच नाही. दुसऱ्या महिन्यात वळताना पुढचा ब्रेक धरला आणि चालण्याच्या वेगात पडलो, ती आणि मी. क्लचची दांडी वाकली, डाव्या बाजूला ओरखडा उठला. पण मी ती एकटीने उचलली. कमर सीटला, पाठ ताठ, छोटी पावलं. हात थरथरत होते आणि मला आतून एक विलक्षण बळ आल्यासारखं झालं होतं. नवी कोरी गाडी असती तर तो ओरखडा मी महिनोन्‌महिने बघत बसले असते. जुन्या गाडीने मला पडायची मुभा दिली. ब्रेक लावायला मी रिकाम्या मैदानात शिकले, पुन्हा पुन्हा, खडूने रेघ ओढून. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक. पण तो हिसकायचा नाही, लिंबू पिळावं तसा वाढत्या जोराने दाबायचा. ३० च्या वेगाला जेवढ्या अंतरात थांबते त्याच्या चौपट अंतर ६० ला लागतं, हे पुस्तकात वाचून पटलं नव्हतं. ती खडूची रेघ ओलांडून कितीतरी पुढे गेले तेव्हा पटलं.

गाडी विकायचं कारणही तेच आहे. माझं कामाचं ठिकाण बदललं, आता रोजचा रस्ता मोठा आणि वेगाचा आहे. ओल्या रस्त्यावर एकदा मागचं चाक अडकून गाडी आडवी सरकली. पडले नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के-१०० वर पहिल्यांदा मोटारसायकलला एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) दिलं, आता ते लहान गाड्यांवरही येतं, आणि मी एबीएसची गाडी घेतली. इथे माझं मन मला टोचतं. जी सोय नाही म्हणून मी ही गाडी सोडतेय, तीच गाडी एका नवशिक्या मुलीला देऊ? चार पैसे अधिक जमव आणि एबीएस असलेली घे, असं सांगून तिला परत पाठवू? जिच्याकडे तेवढे पैसे आहेत तिला मी तेच सांगेन. जिच्याकडे नाहीत तिने तोवर मागच्या सीटवर बसून राहावं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यावर मी दोन दिवस विचार केला, आणि अजूनही पूर्ण समाधान झालेलं नाही.

सोमवारी रात्री तिला निरोप पाठवला. "तुम्ही आलात तेव्हा इंजिन गरम होतं, कारण पहाटे मी शेवटची म्हणून चक्कर मारून आले होते. गुरुवारपर्यंत गाडीला हात लावणार नाही. जमलं तर या. गाडीला एबीएस नाही आणि दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, हेही लिहून ठेवते." लिहून तीनदा खोडलं, मग पाठवलं. उत्तर आलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. येता-जाता गाडी दिसायची. टाकीवर धुळीचा थर बसला तो पुसायला हात शिवशिवला, पण पुसली नाही.

गुरुवारी संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. या वेळी तिने हेल्मेट जमिनीवर नीट उपडं ठेवलं, बाह्या सारल्या. मी तिला सगळं सांगून टाकलं. गार असताना दुसरा गियर थोडा अवघड पडतो. डाव्या बाजूचा ओरखडा माझ्या पडण्याचा. शॉकअपची सील मागच्या पावसाळ्याआधी बदलली. मागचा टायर वर्षभरात बदलावा लागेल. ब्रेकबद्दल निरोपात लिहिलं ते पुन्हा सांगितलं, मोठ्या रस्त्याला ही गाडी नेऊ नका म्हटलं, आणि मैदानातल्या खडूच्या रेघेबद्दलही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "पडली तर मला एकटीला उचलता येईल?" मी म्हटलं, "बघूया की." आम्ही दोघींनी मिळून गाडी गवतावर हळूच आडवी केली. कशी उचलायची ते मी सांगितलं, हात लावला नाही. पहिल्यांदा तिचा पाय सरकला. दुसऱ्यांदा तिने पाठ टेकवली, दात आवळले, आणि गाडी वर आली.

घाम पुसून ती थोडी थांबली. मग खाली वाकून तळवा इंजिनावर ठेवला. पूर्ण ठेवला, आणि राहू दिला.

"गार आहे," म्हणाली.

चोक कुठे आहे ते माझ्या ओठांवर आलं होतं, मी गप्प राहिले. तिची बोटं कार्ब्युरेटरच्या बाजूला चाचपत गेली, दांडी सापडली, वर ओढली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकलाही नाही. तिसऱ्याला गाडी खोकली आणि सुरू झाली. तिने एक्सलेटर पिळला नाही. मान एका बाजूला कलवून तशीच बसून ऐकत राहिली.